जुना लॅपटॉप घेताय? आधी तुमचा भाव काढा, मग त्याचा ऐका

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या लॅपटॉपची किंमत कशी ठरवायची ते बघितलं. व्हिडिओत आकडे भराभर पुढे गेले, म्हणून इथे सगळं सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. हा धडा नुसता वाचून उपयोग नाही, आकडेमोड स्वतः करायची आहे.

विषय निघाला तो आसेगावच्या एका ताईंमुळे. आसेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, मंगरूळपीर तालुक्यातलं. ताईंना गावात ऑनलाइन अर्ज, टायपिंग आणि प्रिंटचं छोटं दुकान टाकायचंय. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, महाडीबीटीचा असो की पॅनकार्डचा, त्यासाठी माणूस तालुक्याला जातो, तिथे रांगेत बसतो आणि अख्खा दिवस मोडतो. म्हणजे गिऱ्हाईक आहे. हाताशी पैसे किती? ३०,००० रुपये. त्यातले २०,००० बचत गटातून उचललेले आणि १०,००० आईने सोयाबीन विकून दिलेले. एवढ्यात लॅपटॉप, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि कागद, सगळं बसवायचं.

ताईंचा फोन आला तो असा:

"सर, माझ्या मावसभावाकडे लॅपटॉप हाये. आय-फाइव्ह हाये, आठ जीबी रॅम. नवीन ५५ हजाराचा होता. दादा म्हणते, तुले १४ ला देतो, दुसऱ्याले असता तर १८ घेतले असते. घेऊ काय?"

मी विचारलं, "ताई, तुमच्या हिशोबाने त्याची किंमत किती?"

पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "माझा कायचा हिशोब सर? त्यानं सांगितली तेच किंमत."

मित्रांनो, आजचा धडा एवढाच आहे. विकणारा जो आकडा सांगतो ती त्याची अपेक्षा असते. किंमत घेणाऱ्याने काढायची असते, आणि ती दुकानात पाय ठेवायच्या आधी काढायची असते.

"नवीन केवढ्याचा होता" हा आकडा खोडून टाका

जुना माल विकणारा सगळ्यात आधी मूळ किंमत सांगतो. ५५ हजाराचा होता म्हटलं की १४ हजार आपोआप स्वस्त वाटतात. पण ५५ हजार ज्याने दिले त्याने ते वापरून संपवले. तुम्हाला विकत मिळणार आहे ते उरलेलं आयुष्य.

हे आयुष्य किती वेगाने संपतं ते सरकारी नियमांतूनही कळतं. आयकराच्या नियमांत संगणकाला दरसाल ४० टक्के घसारा धरतात. ५५,००० च्या मशीनची कागदावरची किंमत पहिल्या वर्षाअखेर ३३,००० होते, दुसऱ्या वर्षी १९,८००, तिसऱ्या वर्षी ११,८८० आणि चौथ्या वर्षी ७,१२८. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ मध्ये तर लॅपटॉपचं उपयोगी आयुष्य ३ वर्षंच धरलंय. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांत ढिगाने लॅपटॉप बदलतात आणि ते जुन्या मालाच्या बाजारात येतात, त्यामागचं हे एक कारण.

कागदावरची किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे, हे मान्य. चांगली मशीन चार वर्षांनंतरही मस्त चालते. पण "५५ हजाराचा होता" या वाक्याला किती वजन द्यायचं ते यावरून कळतं. सहा-सात वर्षांनंतर त्या वाक्याला काहीच वजन नाही.

बैलाचे दात बघता, मग लॅपटॉपचे का नाही?

आपल्याकडे गुरांच्या बाजारात कोणी बैल नुसता रंग बघून घेतो का? आधी तोंड उघडून दात बघतात. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, यावरून वय कळतं. मग चालवून बघतात, गाडीला जुंपून बघतात, काही खोड आहे का विचारतात. विकणारा "गरीब आहे हो" म्हणत असतो, पण घेणारा स्वतःच्या डोळ्याने बघितल्याशिवाय रुमालाखाली हात देत नाही.

लॅपटॉपलाही दात आहेत. ते म्हणजे प्रोसेसरचा नंबर. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे झालं घराणं. वय कळतं त्यापुढच्या आकड्यावरून. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि त्यात अबाउट उघडा. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. इंटेलच्या या जुन्या-नव्या लॅपटॉपसाठी ढोबळ नियम असा:

- पुढचा आकडा ६३०० असेल तर पिढी सहावी. ८२५० असेल तर आठवी. पहिला आकडा म्हणजे पिढी.
- नंबर १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन आकडे घ्या. १०२१० म्हणजे दहावी पिढी, ११३५ म्हणजे अकरावी.

म्हणून अकराव्या पिढीचा आय-थ्री हा सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हपेक्षा तुमच्या कामाला सरस ठरू शकतो. पाटी मोठी असली म्हणून माल ताजा असतो असं नाही.

आठवी पिढी ही वेस आहे

पिढीवर एवढा भर का देतोय? मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. सुरक्षेचे अपडेट पुढे हवे असतील तर विंडोज ११ लागतं. आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि तिच्यापुढचे प्रोसेसर आहेत. त्याआधीचे मोजके अपवाद सोडले तर बाहेर. एएमडीचं असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढे. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. शंका असेल तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत अ‍ॅप आहे. ते सरळ हो किंवा नाही सांगतं.

नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत दिलेली आहे. पण वाढीव मुदतीवर दुकान उभं करू नका.

आता बाजारात चालणारी एक गोष्ट सांगतो. जुन्या पिढीच्या मशीनवर काही जण आडवाटेने विंडोज ११ टाकून देतात. चालू केलं की पडद्यावर नवंकोरं विंडोज ११ दिसतं आणि गिऱ्हाईक खूश. पण यादीबाहेरच्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. म्हणून पडद्यावर काय दिसतं ते सोडा, प्रोसेसरचा नंबर बघा.

ताईंना म्हटलं, दादाकडून तो नंबर विचारून घ्या. फोटो आला. आय-फाइव्ह ६३००. सहावी पिढी.

"मग काय झालं सर? चालते तर चांगला."

घरी सिनेमा बघायला चालेल. पण ताईंच्या दुकानात लोक आधार कार्ड घेऊन येणार, पासबुक घेऊन येणार, मोबाइलवर आलेला ओटीपी विश्वासाने सांगणार. गावातल्या दोन-तीनशे घरांचे कागद त्या एका मशीनवरून जाणार. सुरक्षेचे अपडेट बंद पडलेल्या मशीनवर दुसऱ्याचे कागद उघडायचे म्हणजे कडी नसलेल्या कपाटात लोकांचे दागिने ठेवण्यासारखं आहे. एकदा का कुणाच्या खात्यातून पैसे गेले, तर दोष मशीनचा असो की नसो, नाव ताईंचंच निघणार. गावात दुकान चालतं ते नावावर.

म्हणून या कामासाठी, या ताईंसाठी, त्या मशीनची किंमत शून्य. १४ हजारही नाही आणि ८ हजारही नाही. हीच मशीन एखाद्या शाळकरी मुलाला टायपिंग शिकायला घ्यायची असेल तर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली टाकून तीन-चार हजारांना ठीक आहे. वस्तू तीच, पण काम बदललं की किंमत बदलते. हे वाक्य वहीत लिहा.

महिन्याचा भाव: चार ओळींचा हिशोब

आता मुख्य सूत्र. ताईंना मग एका दुकानातली दुसरी मशीन मिळाली. कंपनीतून निघालेली, आय-फाइव्ह, आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. दुकानदार १७,५०० म्हणत होता. तिच्यावर हिशोब करू. खालचे भाव उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या गावचे, आजचे भाव तुम्ही दोन दुकानांत विचारून टाका. पद्धत तीच राहील.

पहिली ओळ: हेच काम करणारा नवा लॅपटॉप आज केवढ्याला? समजा ३६,०००. तो ५ वर्षं, म्हणजे ६० महिने चालेल असं धरा. ३६,००० भागिले ६०, म्हणजे महिन्याला ६०० रुपये. हा झाला महिन्याचा भाव.

दुसरी ओळ: जुनी मशीन अजून किती महिने चालेल? इथे माझा अंदाज देतो, तो काही नियम नाही. कंपन्या घेतात त्या मजबूत मालिकेतला, नीट वापरलेला, विंडोज ११ ला पात्र लॅपटॉप मी ३० महिने धरतो. घरगुती वापराची हलकी प्लास्टिक बॉडी असेल तर १८ ते २४. ताईंची मशीन मजबूत मालिकेतली. ३० गुणिले ६००, म्हणजे १८,०००.

तिसरी ओळ: कामाला लावायच्या आधी किती खर्च? बॅटरी अर्ध्यावर आलेली, बदलायला समजा २,८००. चार्जर मूळ कंपनीचा नाही, त्याचे ९००. रॅम आणि एसएसडी ठीक, तिथे शून्य. एकूण ३,७००. राहिले १४,३००.

चौथी ओळ: धोक्याचे पैसे. नव्या मशीनला वर्षाची वॉरंटी असते, जुन्याला नाही. बिघाड निघाला तर तो तुमच्या खिशातून. लेखी गॅरंटी काहीच नसेल तर मी दुसऱ्या ओळीच्या रकमेतून १५ टक्के वजा करतो. इथे ते होतात २,७००. दुकानदार पक्क्या बिलावर तीन महिन्यांची गॅरंटी लिहून देत असेल तर ५ टक्के, म्हणजे ९००.

उत्तर: लेखी गॅरंटीसह १३,४००. गॅरंटीशिवाय ११,६००.

बघा, गॅरंटीच्या एका ओळीची किंमत निघाली १,८०० रुपये. "तोंडी देतो ना ताई, विश्वास ठेवा" म्हणणाऱ्याला आता काय सांगायचं ते तुम्हाला कळलं.

हा आकडा तुमची कमाल मर्यादा आहे. यापेक्षा कमीत मिळालं तर आनंद. जास्त मागत असेल तर उठायचं.

वीस मिनिटांची तपासणी

तिसरी ओळ घरी बसून भरता येत नाही. त्यासाठी मशीन हातात घ्यावी लागते. दिवसा उजेडी जा, एकटे जाऊ नका, आणि सोबत पेन ड्राइव्ह, हेडफोन व चालू नेट असलेला मोबाइल घेऊन जा. क्रम असा:

१. मशीन बंद असतानाच ताब्यात घ्या. झाकण हळू उघडझाप करा. बिजागरी कडक किंवा सैल वाटते का, कोपऱ्याला तडा आहे का, खालचे स्क्रू सगळे आहेत का ते बघा. टचपॅड वर फुगून आलेलं दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती मशीन हातावेगळी करा.

२. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालू करा. लागलेला वेळ मोजा. एसएसडीवाली मशीन साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होते.

३. पडदा. एकदा पूर्ण पांढरं आणि एकदा पूर्ण काळं पान उघडा. रेघ, डाग, पिवळेपणा दिसला तर लिहून घ्या. पडदा हा महागड्या दुरुस्त्यांपैकी एक आहे.

४. कीबोर्ड. नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबा. टायपिंगच्या दुकानाला एक बटण अडकणं परवडत नाही.

५. प्रत्येक यूएसबी जागेत पेन ड्राइव्ह लावा. तुम्हाला प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन एकाच वेळी लावायचंय, तेव्हा निदान दोन जागा धडधाकट हव्यात. कॅमेरा, माइक, स्पीकर, हेडफोन, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वायफाय तपासा.

६. बॅटरीचा दाखला. कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी लहान अक्षरांत पॉवरसीएफजी टाइप करा, एक जागा सोडा, तिरपी रेघ द्या आणि तिला चिकटूनच बॅटरीरिपोर्ट लिहून एंटर दाबा. नेमकं स्पेलिंग व्हिडिओत पडद्यावर दाखवलंय. एक फाइल तयार होते. तिच्यात दोन आकडे शोधा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला ४८,००० आणि दुसरा २६,४०० असेल तर बॅटरी ५५ टक्क्यांवर आलीय. लाइट जाणाऱ्या गावात ६० च्या खालची बॅटरी मी बदलायचीच धरतो.

७. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. रॅम खरंच ८ जीबी आहे का, डिस्क एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, रॅमची एखादी जागा रिकामी आहे का, हे तिथेच दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. ते पेन ड्राइव्हमध्ये घेऊनच जा.

८. दहा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. पंखा किंचाळतो का, मशीन तापून बंद पडते का, बॅटरी किती टक्के उतरली ते बघा.

९. कुलूप. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून वेगळं लिहितो.

माझी स्वतःची चूक

मी प्रशिक्षण सुरू केलं तेव्हा दुसऱ्या दिवशी बॅच होती, म्हणून संध्याकाळी घाईत एक जुना लॅपटॉप घेतला. चालू होता, वेगात होता, भावही कमी. तीन महिन्यांनी विंडोज नव्याने टाकायला घेतलं, तर बायोसला पासवर्ड. विकणाऱ्याचा फोन लागेना. बिल घेतलेलं नव्हतं. दुरुस्तीवाल्याने पहिला प्रश्न विचारला, "साहेब, मशीन तुमचीच आहे ना?" तो प्रश्न अजून विसरलो नाही. पैसे गेले त्यापेक्षा तो प्रश्न जास्त लागला.

तेव्हापासून माझा नियम: पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याच्या हाताने, माझ्यासमोर, मशीन पूर्ण रीसेट. बायोस उघडून दाखवायचं. रीसेट झाल्यावर नेट जोडून पहिल्यापासून सुरू करायचं. त्या वेळी मशीनने एखाद्या कंपनीचं नाव दाखवून तिथला ईमेल मागितला, तर ती अजून त्या कंपनीच्या नावे नोंदलेली आहे. कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही. रीसेटला तास-दीड तास लागतो. लागू द्या. नंतर विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन खरं आहे का तेही सेटिंग्जमध्ये बघून घ्या.

आणि कागद. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार ठरतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. म्हणून दुकानातून घेतलं तर सिरियल नंबर लिहिलेलं बिल घ्या. ओळखीच्या माणसाकडून घेतलं तरी साध्या कागदावर एवढं लिहून घ्या:

"मी (नाव, गाव) माझ्या मालकीचा (कंपनी, मॉडेल) लॅपटॉप, सिरियल नंबर (अमुक), आज दिनांक (अमुक) रोजी (नाव, गाव) यांना रुपये (अंकी व अक्षरी) घेऊन विकला. लॅपटॉप चोरीचा नाही. त्यावर कोणाचा हप्ता किंवा कर्ज बाकी नाही. रक्कम मिळाली." खाली दोघांच्या सह्या, आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. रक्कम शक्यतो यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते.

लेखी गॅरंटीला एवढा मान का?

यामागे अर्थशास्त्र आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत असं: मालातला दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे घेणारा घाबरून सगळ्याच मालाला मधला भाव देतो. चांगल्या मालाच्या मालकाला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे खराब मालच जास्त उरतो. या विषयावरच्या कामासाठी त्याला २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल वाटून मिळालं.

यातून आपल्याला काय शिकायचं? ज्याचा माल चांगला आहे त्याला गॅरंटी लिहून द्यायला फारसं काही लागत नाही. ज्याचा खराब आहे त्याला ते महागात पडतं. म्हणून "तीन महिन्यांची गॅरंटी बिलावर लिहून देता का?" हा एक प्रश्न विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा. बरंच काही तिथेच कळतं.

सौदा कसा झाला

ताई भावाला सोबत घेऊन त्या दुकानात गेल्या. वहीत १३,४०० लिहून ठेवलेले. तपासणी केली, बॅटरी ५५ टक्के निघाली. पुढचं संभाषण त्यांनी सांगितलं तसं देतो:

"भाऊ, मशीन चांगली हाये. पण बॅटरी निम्मी गेली आणि चार्जर डुप्लिकेट हाये. मी १३ देते, बिलावर तीन महिन्याची गॅरंटी लिहून द्या."

"ताई, १३ ला तर आमची खरेदीबी नाही. तुम्ही १६ द्या."

"१६ देते. मग बॅटरी नवीन टाकून द्या, चार्जर बी ओरिजनल."

दुकानदार हसला. म्हणाला, "बॅटरी टाकून देतो, चार्जर आहे तोच. १५ फायनल."

आता इथे हिशोब करा. बॅटरी दुकानदाराने टाकली तर ताईंचे २,८०० वाचले. म्हणजे मर्यादा १३,४०० वरून १६,२०० झाली. १५,००० त्याच्या आत आहे. ताईंनी तिथेच वहीत बेरीज केली आणि हो म्हटलं. बॅटरी समोर बसवून घेतली आणि रिपोर्ट पुन्हा काढला. हा शेवटचा रिपोर्ट विसरू नका, नाहीतर नव्याच्या नावाखाली दुसरी जुनीच बॅटरी बसते.

लक्षात घ्या, ताईंनी "कमी करा ना, कमी करा ना" असं एकदाही म्हटलं नाही. प्रत्येक रुपया कशासाठी कापला ते सांगितलं. अशा गिऱ्हाइकाशी दुकानदारही सरळ बोलतो. त्याला त्याचा नफा मिळायलाच हवा. फुकट कोणी देत नाही आणि आपणही मागू नये.

३०,००० मधले १५,००० शिल्लक राहिले. त्यात प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि कागद. गटाचा पहिला हप्ता दुकानाच्या कमाईतून जावा, असं ताईंनी ठरवलंय.

आणि मावसभाऊ?

खरं सांगू, ताईंना सगळ्यात अवघड हेच वाटत होतं. "दादाले नाही कसं म्हणू सर? त्यानं तर कमी करून देला होता."

इथे एक गोष्ट समजून घ्या. दादा फसवत नव्हता. त्याच्या मनात ते ५५ हजार घट्ट बसले होते आणि मशीन त्याच्या घरी चालत होती. आठव्या पिढीची वेस त्यालाही माहीत नव्हती. नात्यातला प्रामाणिक माणूसही चुकीची किंमत सांगू शकतो. त्याच्या प्रामाणिकपणाचा आणि मशीनच्या वयाचा काही संबंध नाही. म्हणून नात्यातल्या व्यवहारात माणसावर बोलू नका, कागदावर बोला.

ताईंनी दादाच्या घरी जाऊन पीसी हेल्थ चेक त्याच्याच समोर चालवलं. उत्तर पडद्यावर आलं. म्हणाल्या, "दादा, लोकायचे आधार-पासबुक याच्यावर उघडता येत नाही. तू हे विकू नको, पोरीच्या अभ्यासाले ठेव. लिनक्स मी टाकून देते." दादा रागावला नाही. उलट दुकानाच्या उद्घाटनाला नारळ घेऊन आला.

आजचा गृहपाठ

तुमच्या घरात किंवा दुकानात जो लॅपटॉप आहे, त्याच्यावरच हा हिशोब करून बघा. विकायचा नसला तरी चालेल.

१. प्रोसेसरचा नंबर लिहा आणि पिढी काढा.
२. बॅटरी रिपोर्ट काढून टक्केवारी लिहा.
३. हेच काम करणाऱ्या नव्या मशीनचा आजचा भाव विचारा, त्याला ६० ने भागा.
४. उरलेले महिने, दुरुस्ती, धोका. चारही ओळी भरून उत्तर काढा.

आलेला आकडा कॉमेंटमध्ये टाका. सोबत हेही लिहा, की हिशोब करायच्या आधी तुमच्या मनात कोणता आकडा होता. दोन्हींतला फरक बघितला की धडा आपोआप पक्का होईल.

पुढच्या आठवड्यात याच ताईंचा पुढचा प्रश्न घेऊ: एका प्रिंटचे किती रुपये घ्यायचे, शाई आणि कागद धरून. तोपर्यंत वही जपून ठेवा.

भेटू या.